उतारावर न्यूट्रल

सात मे. सोळा हजार तीनशे सत्तेचाळीस रुपये.

एवढ्या रकमेचे विजेचे बिल त्या दिवशी माझ्या टेबलावर आले. आमच्या पाणीपुरवठा मंडळाच्या आवारात, वाहनशेडच्या मागे, पाण्यापासून हायड्रोजन तयार करणारा संच एप्रिलात बसवला होता. त्याचे हे पहिल्या महिन्याचे बिल. संच एकाच गाडीसाठी चालत होता. त्याच्या शेजारी दुसऱ्या, बॅटरीवाल्या गाडीचा चार्जर होता. त्याचे मीटर वेगळे, आणि बिल पाच हजार एकशे नव्वद. दोन्ही गाड्या रोज एकाच रस्त्याने डोंगरातल्या धरणापर्यंत जाऊन येत. मंडळाने पुढे कोणत्या गाड्या घ्यायच्या हे ठरवण्यासाठी ही तुलना चालू होती.

मी दोन्ही बिले 'वाहन इंधन' या शीर्षाखाली टाकून सहीला पाठवली. संध्याकाळी मोठ्या साहेबांनी बोलावले.

"तो संच जमिनीला बोल्टनं बसवलाय ना?"

"हो साहेब."

"मग ती इमारत झाली. इमारतीची वीज इमारतीच्या खर्चात. दिवाबत्तीत टाका."

"पण साहेब, गाडी त्याच विजेवर..."

"गाडी हायड्रोजनवर चालते हो. वीज त्या दुसऱ्या गाडीला लागते. एवढी वर्षं नोकरी झाली आणि कुठली गाडी काय खाते तेही माहीत नाही?"

शेजारी बसलेले वाहन अधिकारी मनापासून हसले. मी माझे म्हणणे टिपणात लिहून बिल पुन्हा वर पाठवले. दुसऱ्या दिवशी ते साहेबांच्या अक्षरातल्या 'दिवाबत्ती' या एका शब्दासह खाली आले. पुढे दर महिन्याला हेच झाले.

हे सांगितल्याशिवाय नानांची गोष्ट सांगता येणार नाही, म्हणून आधी सांगितले.

नाना आमच्याकडचे सर्वांत जुने ड्रायव्हर. छत्तीस वर्षे नोकरी. अंगाने काटकुळे, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. पाठीमागे त्यांना सगळे 'न्यूट्रल' म्हणत. उतार आला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची आणि डिझेल वाचवायचे, ही त्यांची विद्या. धरणावरून खाली येताना नऊ किलोमीटरचा घाट आहे. तो घाट नाना ब्रेकवर पाय ठेवून नुसत्या वजनावर उतरत. वर्षातून एकदा सर्वांत कमी डिझेल जाळणाऱ्या ड्रायव्हरला भिंतीवरचे घड्याळ बक्षीस मिळे. नानांच्या दोन खोल्यांत चौदा घड्याळे होती, आणि प्रत्येकात वेगळी वेळ.

"यातलं खरं कुठलं?" म्हणून मी एकदा विचारले होते.

"तिकडं बघूच नका भाऊसाहेब," नानांच्या पत्नी आतून म्हणाल्या. "सेल घालायला पैसे लागतात. ते वाचवलेत."

नवीन आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला नानाच घाट शिकवत. त्यात त्यांचा जावईही होता. तो आमच्याकडेच अकरा वर्षे रोजंदारीवर गाडी चालवत होता. मुलीचे लग्न ठरवताना नानांनी तिला सांगितले होते, "यंदा ना पुढच्या वर्षी पर्मनंट होतोय तो. माझा शब्द आहे." ते 'पुढचे वर्ष' अकरा वेळा येऊन गेले. मुलगी बोलून दाखवत नसे, पण घरभाडे थकले की ती बापाकडेच येई, आणि नाना काही न विचारता पाकीट काढत.

आता मात्र कागदावर काही तरी आले होते. तुलनेत बॅटरीच्या गाड्या सरस ठरल्या तर मंडळ नऊ गाड्या विकत घेणार आणि रोजंदारीवरच्या नऊ ड्रायव्हरांना कायम करणार. हायड्रोजनच्या सरस ठरल्या तर त्या कंपनीकडून भाड्याने येणार, आणि गॅसचा धोका असल्यामुळे चालवणारेही कंपनीचेच. म्हणजे नऊ जणांना नारळ.

हायड्रोजनच्या गाडीबरोबर कंपनीचा माणूस आलाच होता. निळा कोट, हातमोजे. त्याला ड्रायव्हर मंडळी 'कोटवाला' म्हणत. बॅटरीची गाडी कोण चालवणार, हा प्रश्न निघाला तेव्हा नाना स्वतः वाहन अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभे राहिले. "ही मला द्या. निवृत्तीला दीड वर्ष आहे. तेवढं काम करून जातो."

ड्रायव्हरांच्या खोलीत त्यावर बरीच थट्टा झाली.

"नाना, तिला डिझेलच लागत नाही. तुम्ही वाचवणार काय, हवा?"

"अरे, तोंड आहे तिथं भूक आहे. गाडी काहीही खाईना का. तिला अर्धपोटी कसं पळवायचं ते मला ठाऊक आहे."

कोटवाला दारात उभा होता. "आमची पाच मिनिटांत पोट भरून तयार होते, नाना. तुमची रात्रभर बाटली तोंडात धरून पडलेली."

"बाळ आहे ते. वाढेल," नाना म्हणाले, आणि खोली हसली.

गाड्या आल्या त्या दिवशी कंपन्यांनी प्रशिक्षण दिले होते. ते सभागृहात झाले, पडद्यावर चित्रे दाखवून, आणि अधिकाऱ्यांना. ड्रायव्हर खाली आवारात गाड्या पुसत होते. नंतर वाहन अधिकाऱ्यांनी नानांना पाच मिनिटे गाडीत बसवून चालू कशी करायची, बंद कशी करायची, चार्जरची नळी कुठे खोचायची, एवढे दाखवले. छत्तीस वर्षांच्या ड्रायव्हरला आणखी काय शिकवायचे?

धरणावर क्लोरीनच्या टाक्यांची मोजदाद करायला मी महिन्यातून एकदा जातो. जूनमध्ये नानांच्या गाडीतून गेलो. वर जाताना ते एसी लावू देईनात. परतताना घाट सुरू झाला, तसे त्यांनी गिअरच्या जागचे गोल बटण फिरवून क्षणभर धरले. समोर 'एन' अक्षर उमटले.

"बघा भाऊसाहेब. आता इंजिनाला काही काम नाही. फुकटात चाललोय."

"नाना, हिला इंजिन नाही म्हणतात."

"नसेना. बसलंय ना गप्प?"

खालच्या वळणांवर जळका वास यायला लागला. नाना म्हणाले, "काच वर घ्या, पुढच्या ट्रकचा आहे." पुढे ट्रक होता हे खरे.

महिन्याचे आकडे एका तक्त्यात भरले जात. त्या तक्त्याबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण सगळा घोळ तिथे आहे. एक गाडी हायड्रोजन किलोवर खाते, दुसरी वीज युनिटावर. दोन्हींची तुलना कशी करायची, यावर वाहन अधिकाऱ्यांनी उपाय काढला. प्रत्येक गाडीच्या कंपनीने जो दावा केला आहे, त्याच्या किती टक्के ती उतरते ते बघायचे. हायड्रोजनवाल्यांचा दावा किलोला शंभर किलोमीटर. गाडी पंचाण्णव चालत होती. टक्के पंचाण्णव. बॅटरीवाल्यांचा दावा शंभर किलोमीटरला सोळा युनिट. नानांच्या हातात वीस लागत होते. टक्के ऐंशी. पंचाण्णव मोठे की ऐंशी, हे तिसरीतले मूलही सांगेल.

मी कॉमर्सचा माणूस. मला यंत्रातले कळत नाही, पण बिल कळते. किलोभर हायड्रोजन करायला त्या संचाला साठ युनिट वीज लागे, म्हणजे कोटवाल्याच्या गाडीला शंभर किलोमीटर जायला त्रेसष्ट. पाणी फोडायला, गॅस थंड करायला, दाबून टाकीत भरायला. आणि गाडीत गेल्यावर त्या गॅसची पुन्हा वीजच होते आणि मोटर फिरते. म्हणजे दोन्ही गाड्या शेवटी विजेच्या. एकीत वीज तारेने सरळ येते. दुसरीत ती तीन दलालांच्या हातातून येते, आणि प्रत्येक जण आपली दलाली कापून घेतो. एका दुकानदाराने साठ सांगून त्रेसष्ट घेतले, दुसऱ्याने सोळा सांगून वीस घेतले. पहिला शब्दाला जास्त पक्का, मान्य. पण खिशातून त्रेसष्ट गेले त्याचे काय? हेच मी टिपणात लिहिले. टिपण फायलीत लागले. फाईल कपाटात गेली. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, तेव्हा जात्याचा आवाज मात्र छान येत असतो.

नानांना त्या तक्त्यातला एकच आकडा दिसत होता, ऐंशी. तो सुधारायचा म्हणून ते जास्त जोर लावायला लागले. ऑगस्टपासून त्यांनी घाटातच नव्हे, शहरातही सिग्नल दिसला की न्यूट्रल टाकायला सुरुवात केली. गाडीतले जादा चाक काढून ठेवले. स्वतःचा डबासुद्धा लहान केला. आकडा अठ्ठ्याहत्तरावर आला.

जावयाचा तोल सुटायला लागला. एका सकाळी आवारातच तो सासऱ्याला म्हणाला, "मामा, तुमच्या या बचतीत आमचं दिवाळं निघणार."

"गाडीत खोट आहे जावईबापू. मी काय हयगय करतोय?"

"हयगय करा ना थोडी! इतर चालवतात तशी चालवा. कोटवाला दिवसभर गाणी लावून फिरतो, त्याचे पंचाण्णव येतात."

नानांनी फडके घेतले आणि आधीच स्वच्छ असलेली काच पुसायला लागले.

जानेवारीत गाडीचा पुढचा ब्रेक किरकिरायला लागला, म्हणून नानांनी ती गॅरेजला नेली. चाक काढल्यावर मिस्त्री बराच वेळ वाकून बघत राहिला. मी बिलासाठी तिथेच होतो.

"नाना, गाडी चालवता की डोंगराला घासून आणता? पॅडचा नुसता पत्रा उरलाय. या गाडीत हे पाच-पाच वर्षं जातात."

"घाट आहे रोजचा."

"म्हणून काय झालं? या गाडीला उतारावर ब्रेक लागतोच कुठं? पाय उचलला की मोटरच तिला मागं खेचते, आणि खेचता खेचता बॅटरीत वीज भरते. घाट उतरलात की कमाईच."

"न्यूट्रलमध्ये?"

मिस्त्री सरळ उभा राहिला. "न्यूट्रलमध्ये कसं होईल? न्यूट्रल टाकलं की मोटर सुटली. मग सगळं ब्रेकवर. म्हणजे मिळणारी वीज गेली आणि पॅडही गेले. कुठल्या शहाण्यानं सांगितलं तुम्हाला असं?"

नाना म्हणाले, "मीच सगळ्यांना सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतले. "मोजदाद नसली तरी चला. मला साक्षीदार हवा." धरणावर पोहोचलो तेव्हा गाडी अजून किती जाईल याचा आकडा समोर होता, एकशे एकतीस. नानांनी बटणाला हात लावला नाही. पहिल्या वळणावर त्यांचा हात सवयीने तिकडे गेला आणि त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून मागे घेतला. गाडी स्वतःच आवरत, संथपणे उतरत होती. घाट संपला तेव्हा आकडा होता एकशे एकोणचाळीस. नऊ किलोमीटर चालून आठने वाढलेला.

नानांनी गाडी कडेला घेतली. त्या आकड्यावर बोट ठेवले.

"चढताना खाल्लेलं ही उतरताना परत देते, भाऊसाहेब. आणि मी नऊ महिने म्हणतोय, नको, नको, राहू दे."

"कुणी सांगितलं नव्हतं नाना."

"डिझेलनंही सांगितलं नव्हतं. ते मी शोधून काढलं होतं." मग म्हणाले, "ते जाऊ दे. आता आकडा सुधारतो."

आणि सुधारला. पंधरा दिवसांत गाडी साडेसोळा युनिटांवर आली. दाव्याच्या सत्त्याण्णव टक्के. कोटवाल्याच्या दोन पावले पुढे. जावई त्या आठवड्यात नानांसाठी स्वतः चहा घेऊन आला, असे शेडमधले लोक सांगत होते.

गाड्यांचा निर्णय घेणाऱ्या समितीची बैठक फेब्रुवारीच्या मध्यावर होती. आधीच्या आठवड्यात नाना मोठ्या साहेबांकडे गेले. मी बिले घेऊन आत होतो.

नानांनी सगळे सांगितले. घाट, न्यूट्रल, पॅड. काहीही झाकले नाही. "साहेब, ते नऊ महिन्यांचे आकडे गाडीचे नाहीत, माझ्या चुकीचे आहेत. ते धरू नका. हे पंधरा दिवसांचे धरा."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे नऊ महिने मंडळाची गाडी तुम्ही चुकीच्या पद्धतीनं चालवलीत?"

"हो साहेब."

"लेखी द्याल?"

नानांचा चेहरा उजळला. लेखी मागितले म्हणजे काम झाले, असे आमच्या ऑफिसात साधी माणसे समजतात. मी म्हणालो, "नाना, घरी जाऊन विचार करा. उद्या द्या."

"विचार काय करायचा भाऊसाहेब? खरं आहे ते आहे."

साहेबांनीच कोरा कागद पुढे केला. नानांनी उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या आणि खाली सही केली.

बैठकीत मला आकडे वाचायला बोलावले होते. मी संचाची बिले काढली आणि त्रेसष्ट युनिटांचा मुद्दा मांडला. एका सदस्याने मान वर केली. "म्हणजे या तुलनेत गडबड आहे असं तुमचं म्हणणं?"

मी हो म्हणायच्या आत साहेब बोलले. "गडबड होती. आम्ही ती शोधून काढली. ड्रायव्हरनं लेखी कबुली दिली आहे." आणि नानांचा कागद टेबलावरून फिरला. सगळ्यांनी तो वाचला. एक जण हळूच "न्यूट्रल!" म्हणाला आणि हसला. माझी बिले कुणी हातात घेतली नाहीत. शंका होती, तिचे कारण सापडले, कारणाखाली सहीसुद्धा होती. आणखी काय हवे?

इतिवृत्तात तीन वाक्ये आली. तुलनेबाबतच्या शंकांचे चालकाच्या कबुलीने निरसन झाले आहे. चाचणीची मुदत संपत आली असल्याने नवीन आकडे ग्राह्य धरता येत नाहीत. ब्रेक पॅडचा खर्च चालकाकडून वसूल करावा. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे ऐकले होते. इथे संन्याशाकडून सुळाचे पैसेही घेतले.

वसुलीच्या आदेशावर नानांची सही हवी होती. शिपायाच्या हाती तो कागद पाठवणे मला बरे वाटले नाही, म्हणून मी घरी गेलो. मुलगी आणि जावई तिथेच होते. नानांनी आदेश वाचला आणि सही केली.

मला वाटले, निदान खरे तरी कळावे. मी म्हणालो, "नाना, एक ऐका. तुम्ही न्यूट्रल टाकत होता तेव्हाही तुमच्या गाडीला वीस युनिट लागत होते. त्यांच्या गाडीला त्रेसष्ट. तुमच्या चुकीसकट तुमची गाडी तिप्पट स्वस्त होती."

जावयाने मान वर केली. "म्हणजे मामांनी काहीही केलं असतं तरी?"

"घाटभर हँडब्रेक ओढून आणली असती तरी."

मला वाटले होते नानांना बरे वाटेल. ते उठून उभे राहिले. "म्हणजे माझ्या चुकीला किंमत किती?"

"खऱ्या हिशेबात काहीच नाही."

"मग मी ती लिहून दिली, ती कशाला लागली त्यांना?"

उत्तर जावयानेच दिले. "त्यांच्याकडं झाकण नव्हतं मामा. तुम्ही नेऊन दिलंत."

"अहो, पुरे," मुलगी म्हणाली.

"पुरे काय? अकरा वर्षं 'माझा शब्द आहे' ऐकतोय. शब्द दिला तो आम्हाला, आणि सही दिली साहेबाला."

नानांच्या पत्नी आतून चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. नाना खाली बसले. "खरं बोललो जावईबापू," एवढेच म्हणाले.

"तेच म्हणतोय. कुणी विचारलं होतं?"

एप्रिलअखेर नऊ जणांना कमी केले. जावयाला दुसऱ्या शहरात सामान पोचवणाऱ्या एका कंपनीत काम मिळाले, फेरीप्रमाणे पैसे. बिऱ्हाड हलवताना त्याने टेम्पो स्वतःच आणला आणि सामान स्वतःच चढवले. नाना मदतीला गेले होते. त्यांना त्याने कशाला हात लावू दिला नाही. मुलीचा महिन्यातून एकदा फोन येतो, तो आईच्या फोनवर.

आता आवारात हायड्रोजनच्या नऊ गाड्या आहेत आणि नऊ निळे कोट. गाड्या चांगल्या आहेत, पाच मिनिटांत भरतात, धूर सोडत नाहीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. संचाचे बिल दीड लाखाच्या आसपास येते आणि दिवाबत्तीत पडते. जुलैमध्ये परिपत्रक निघाले की दिवाबत्तीचा खर्च अवाजवी वाढल्याने कर्मचाऱ्यांनी जेवणाच्या सुट्टीत दिवे व पंखे बंद ठेवावेत. ते मीच सर्व विभागांत फिरवले. आम्ही अंधारात जेवतो.

शेवटच्या सहा महिन्यांत नानांना गाडी दिली नाही. वसुली लागलेला चालक म्हणून त्यांना शेडच्या फाटकावर बसवले होते. गाडी आत आली की नंबर लिहायचा, बाहेर गेली की नंबर लिहायचा. नवे ड्रायव्हर त्यांना ओळखत नव्हते. सप्टेंबरअखेर ते निवृत्त झाले. निरोपाला वाहन अधिकारी दोन मिनिटे बोलले आणि नानांच्या प्रामाणिकपणाचा त्यांनी खास उल्लेख केला. नानांना बोलायला सांगितले, तेव्हा ते हात जोडून खाली बसले.

पॅडचा खर्च सात हजार तीनशे ऐंशी रुपये होता. मार्चपासून दरमहा हजार याप्रमाणे तो पगारातून कापला. सप्टेंबरपर्यंत सात हप्ते झाले. तीनशे ऐंशी रुपये नानांकडून अजून येणे आहेत.